पिवळी रेघ: गॅसच्या शेगडीपासून विजयदुर्गाच्या कट्ट्यांपर्यंत

(एपिसोडचा ट्रान्सक्रिप्ट. बोलताना अडखळलेले शब्द काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे, कारण सुरुवात माफीने करायची आहे.

काही महिन्यांपूर्वी मी एक मिनिटाची क्लिप टाकली होती. त्यात मी छाती फुगवून सांगितलं होतं की हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला. नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज १८६८ साली तिथे दुर्बीण लावून बसला होता, आणि त्याला सूर्यावर हेलियम दिसला. क्लिप बरीच फिरली. माझ्या मावशीने मलाच ती फॉरवर्ड केली, म्हणजे बघा.

मग देवगडकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. आवाज शांत, रागबिग काही नाही. म्हणाला, "दादा, क्लिप छान आहे. पण लॉकियर १८६८ ला इकडे आलाच नव्हता. ते कट्टे नंतरचे आहेत. एकदा बघून घ्या."

मी बघितलं. तो बरोबर होता, मी चुकलो होतो. आणि चूक शोधता शोधता जी खरी गोष्ट सापडली, ती माझ्या खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी निघाली. ती आज सांगतो. एका पिवळ्या रेघेची गोष्ट आहे. सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरात होते.

उतू गेलेलं पाणी

डाळीचं किंवा भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडतं, तेव्हा काय होतं? निळी ज्योत एकदम पिवळी भडकते. आई ओरडते, "गॅस बारीक कर!" आपण बारीक करतो आणि विसरतो.

पण थांबा. ती पिवळी का झाली? मीठ जळालं म्हणून? नाही. मीठ जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मिठातले सोडियमचे अणू सुटे होतात, तापतात, आणि ती घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकतात. सोडियम ती जवळपास सगळी एकाच पिवळ्या रंगात टाकतो. तो रंग त्याची सही आहे. मीठ कुठलंही असो, मिठागरातलं असो की डोंगरातलं, सही तीच.

अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्यांना हे प्रॅक्टिकल आठवेल. तारेचं टोक हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवायचं, मग क्षारात, मग बर्नरच्या ज्योतीत. कॅल्शियम वीटकरी लाल. स्ट्रॉन्शियम किरमिजी. बेरियम सफरचंदी हिरवा. तांबं निळसर हिरवं. पोटॅशियम फिकट जांभळा, पण तो निळ्या काचेतून बघावा लागतो, कारण जरा कुठे सोडियम मिसळलेला असला की त्याचा पिवळा बाकी सगळं गिळून टाकतो.

आता दुसरी कबुली. आमच्या कॉलेजात एका बर्नरमागे आठ-दहा मुलं असायची. मी तो बेरियमचा हिरवा रंग कधी नीट बघितलाच नाही. जर्नलमध्ये मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं, "निरीक्षण: सफरचंदी हिरवी ज्योत." निरीक्षण कसलं, शेजारच्याच्या वहीतून उतरवलेलं होतं. सरांनी सही केली, मार्क पडले.

विजयदुर्गच्या क्लिपमध्येही मी नेमकं हेच केलं होतं. न बघता लिहिलं. म्हणून आज मला ही गोष्ट त्या माणसांच्या बाजूने सांगायची आहे ज्यांनी बघितलं.

सत्तावीस वर्षांचा एक मुलगा

न्यूटनने प्रिझममधून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्योतीकडे प्रिझममधून बघायचं कोणी सुरू केलं?

स्कॉटलंडचा थॉमस मेलव्हिल. १७५२ साली एडिनबरामध्ये त्याने एक निबंध वाचला. पेटत्या स्पिरिटमध्ये तो वेगवेगळे क्षार टाकायचा, नवसागर, तुरटी, सोरा, समुद्राचं मीठ, आणि पुठ्ठ्याच्या भोकातून, प्रिझम धरून त्या ज्योतीकडे बघायचा. त्याला दिसलं की ज्योतीचा प्रकाश सूर्यासारखा सगळ्या रंगांत सारखा पसरत नाही. एक पिवळा रंग बाकीच्यांवर कुरघोडी करतो, आणि तो आपल्या ठरलेल्या जागेवरून हलत नाही.

पुढच्याच वर्षी मेलव्हिल वारला. वय सत्तावीस. मी हे वाचलं तेव्हा जवळपास त्याच वयाचा होतो आणि ऑफिसमध्ये एका बटणाचा रंग बदलायचं तिकीट बंद करत होतो. असो.

पुढची शंभर वर्षं ती पिवळी रेघ लोकांना छळत राहिली. कारण ती सगळीकडे दिसायची! लाकूड जाळा, कागद जाळा, स्पिरिट जाळा, रेघ हजर. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल: प्रत्येक टेस्ट पॉझिटिव्ह येत असेल तर टेस्टवरचाच विश्वास उडतो. कोणी म्हणायचं ही पाण्यामुळे, कोणी म्हणायचं गंधकामुळे. १८५६ च्या सुमारास विल्यम स्वॉनने दाखवून दिलं की दोष टेस्टमध्ये नाही, सोडियमच सगळीकडे आहे. धुळीत, घामात, बोटांवर. अगदी कणभर असला तरी दिसतो.

काळ्या रेघांचा कारागीर

आता दुसरा धागा. म्युनिकमध्ये जोसेफ फ्राउनहोफर नावाचा अनाथ मुलगा आरसे आणि काचा बनवणाऱ्याकडे उमेदवारी करत होता. १८०१ साली ती इमारत कोसळली. ढिगाऱ्यातून त्याला जिवंत काढलं, आणि त्यातून मिळालेल्या मदतीवर तो शिकला. पुढे तो जगातली उत्तम भिंगं बनवणारा माणूस झाला.

भिंग तपासायला त्याला एक पक्का ठरलेला रंग हवा होता, म्हणून तो ती पिवळी रेघ वापरायचा. मग १८१४ च्या सुमारास त्याने सूर्यप्रकाश तपासला. तिथे उजळ रेघा नव्हत्या, उलट इंद्रधनुष्यी पट्ट्यात शेकडो काळ्या रेघा होत्या. विल्यम वोलॅस्टनला १८०२ साली त्यातल्या मोजक्या दिसल्या होत्या. फ्राउनहोफरने ५७४ मोजल्या. ठळक रेघांना अक्षरं दिली. पिवळ्या भागातल्या जुळ्या काळ्या रेघेला दिलं D.

आणि त्याच्या लक्षात आलं की ही काळी D जिथे आहे, अगदी तिथेच ज्योतीतली पिवळी रेघ येते. एक उजळ, एक काळी, जागा तीच. का? ते त्याला कळलं नाही. १८२६ साली एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला.

१८३५ साली फ्रान्सचा मोठा तत्त्वज्ञ ऑगस्ट कॉम्त याने लिहून टाकलं की ताऱ्यांचे आकार, अंतर, गती आपण मोजू, पण ते कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. वरवर बघता बरोबरच होतं म्हणा. तिथे जाऊन नमुना कोण आणणार?

हायडेलबर्गमधली दोन माणसं

तिथे जायची गरज पडली नाही. पंचवीसेक वर्षांत उत्तर आलं, तेही एका प्रयोगशाळेच्या टेबलावर.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये रॉबर्ट बन्सेन हा रसायनशास्त्रज्ञ होता. तरुणपणी स्फोटात एका डोळ्याची दृष्टी गेलेला. कारागीर पीटर देझागाबरोबर १८५५ मध्ये त्याने तो बर्नर तयार केला जो आजही प्रत्येक शाळेत आहे. त्या बर्नरची खरी कमाल उष्णता नव्हे, ज्योत बेरंग असणं ही आहे. पांढऱ्या कागदावरच शाई नीट दिसते ना, तसं.

बन्सेन रंगीत काचांमधून ज्योतीचे रंग ओळखायचा प्रयत्न करत होता. त्याचा मित्र गुस्ताव किरखॉफ, भौतिकशास्त्राचा माणूस, म्हणाला: काचा कशाला? प्रिझम लाव. दोघांनी काळ्या रंगवलेल्या पेटीत प्रिझम बसवला, दोन बाजूंना छोट्या दुर्बिणी. झाला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे वर्णपट बघायचं यंत्र.

मग त्यांनी एक प्रयोग केला जो मला फार आवडतो. खोलीच्या एका कोपऱ्यात तीन मिलिग्रॅम सोडियम क्लोरेटचा स्फोट केला, आणि स्वतः दूरच्या कोपऱ्यात ज्योतीकडे बघत बसले. काही मिनिटांत पिवळी रेघ उजळली. खोली साठ घनमीटरची होती. त्यांनी हिशोब केला: मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतका सोडियमही हे यंत्र पकडतं. त्या काळच्या कुठल्याही तराजूच्या आवाक्याबाहेरची गोष्ट.

याच पद्धतीने १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. कोणाचीच सही जुळेना. बन्सेनने चाळीस टनांहून जास्त पाणी आटवलं आणि हाती लागला काही ग्रॅम क्षार. त्यातून आलं सीझियम, म्हणजे आभाळी निळा. पुढच्या वर्षी रुबिडियम, गडद लाल. लंडनमध्ये विल्यम क्रुक्सला हिरवी रेघ दिसली, थॅलियम. १८६३ मध्ये फर्डिनांड राइशने इंडियम शोधलं. गंमत म्हणजे राइशला रंग नीट दिसत नसत! म्हणून रेघ बघायचं काम त्याने सहकारी थिओडोर रिख्टरला दिलं, आणि नीळसर जांभळी रेघ दिसली रिख्टरला. म्हणूनच नाव इंडिगोवरून, म्हणजे निळीवरून, इंडियम.

आता काळ्या D चं कोडं. १८५९ च्या शरद ऋतूत किरखॉफने सूर्याचा किरण सोडियमच्या ज्योतीतून जाऊ दिला. त्याला वाटलं, ज्योतीचा पिवळा भर पडून काळी रेघ भरून निघेल. झालं उलटंच. D आणखी काळी झाली.

इथे त्याची ट्यूब पेटली. तापलेला सोडियम जो रंग टाकतो, तोच रंग तो मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून शोषूनही घेतो. म्हणजे सूर्याच्या झगझगीत पृष्ठभागाच्या वरच्या, त्या मानाने थंड थरांत सोडियमची वाफ असली पाहिजे, आणि तीच D चा प्रकाश अडवते आहे. सूर्यात सोडियम आहे! लोखंड आहे! कॉम्तला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

१८ ऑगस्ट १८६८

आता आपल्याकडे येऊ.

या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि चंद्राची सावली दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे गेली. नवं यंत्र हाती आल्यावरचं भारतातलं हे मोठं ग्रहण. सूर्याच्या कडेला ग्रहणात ज्या लाल ज्वाला दिसतात, त्या कशाच्या बनल्यात हे बघायला लोक ठिकठिकाणी बसले होते. फ्रान्सचा ज्यूल जानसेन आणि ब्रिटिश सैन्यातला टेनंट, दोघे आंध्रातल्या गुंटूरला. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला. आणि जॉन हर्शेल, त्याच प्रसिद्ध हर्शेल घराण्यातला, तो होता जमखंडीला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. ऑगस्ट महिना, ढगांनी त्याला चांगलंच छळलं.

सगळ्यांना एक गोष्ट कळली: ज्वालांच्या वर्णपटात उजळ रेघा आहेत, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या आहेत. मुख्यतः हायड्रोजन. आणि एक पिवळी रेघ होती, D च्या जवळ. बहुतेकांनी काय म्हटलं असेल? बरोबर. सोडियम. पिवळी म्हणजे सोडियम, जर्नलमध्ये लिहा, पुढे चला.

जानसेनचं डोकं मात्र दुसरीकडे चालत होतं. रेघा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहण नसतानाही दिसतील का? दुसऱ्या दिवशी सकाळी गुंटूरलाच त्याने यंत्र सूर्याच्या कडेवर लावलं. दिसल्या! आता ग्रहणाची वाट बघायची गरज उरली नाही.

आणि लॉकियर? तो लंडनमध्ये होता. तेव्हा वय बत्तीस. ब्रिटिश युद्ध खात्यात कारकून, आणि खगोलशास्त्र हा छंद. ग्रहण नसताना ज्वाला बघता येतील असं त्यालाही वाटत होतं, पण त्याचं नवं यंत्र ऑक्टोबरात हातात आलं. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याला त्या रेघा दिसल्या. त्याचं पत्र आणि जानसेनचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबरला वाचलं गेलं. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले.

लॉकियरने एक काम जास्त केलं. त्याने पिवळी रेघ मोजली. सोडियमच्या D जुळ्यांच्या तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. ही नवी रेघ ५८७.६ ला. फरक दीड नॅनोमीटरचा. हाताने मोजणाऱ्याने सहज "जवळपासच आहे" म्हणून सोडून दिला असता. त्याने सोडला नाही. ही D नव्हे, हिला D३ म्हणू. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजन दाबून, तापवून बघितला. रेघ काही येईना. मग पृथ्वीवर कोणाला माहीत नसलेलं मूलद्रव्य? सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, हेलियम.

अनेकांना हे पटलं नाही. मेंडेलीव्हसारख्या माणसालाही नाही. सत्तावीस वर्षं हेलियम म्हणजे एक नाव आणि एक रेघ, इतकंच. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅमसेने युरेनियम असलेल्या एका खनिजावर आम्ल टाकून वायू गोळा केला, आणि वर्णपटात पिवळी रेघ दिसली. क्रुक्सने मोजून सांगितलं: ५८७.६ वालीच. सूर्यावर सापडलेलं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडलं.

मग विजयदुर्गाचे कट्टे?

कट्टे खरे आहेत. किल्ल्यावर आजही दाखवतात, साहेबाचे कट्टे. लॉकियरही विजयदुर्गावर खरंच आला होता. फक्त सन चुकतो. तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हा तो सर नॉर्मन लॉकियर होता, एकसष्ट वर्षांचा, मोठा मान मिळालेला, 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केलेला माणूस. सोबत ब्रिटिश आरमाराचं मेलपॉमिनी जहाज, आणि त्याचे खलाशी मदतनीस म्हणून यंत्रांवर तैनात. यंत्रं हलू नयेत म्हणून पक्के कट्टे. दोन मिनिटांच्या आसपास अंधार, आणि तेवढ्यात शक्य तितके वर्णपट फोटोत टिपायचे.

म्हणजे हेलियम तोवर पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती. आपण एका माणसाची खरी भेट त्याच्याच तीस वर्षं आधीच्या शोधाला चिकटवली. दोन खऱ्या गोष्टी जोडून एक खोटी तयार झाली. अशी खोटी गोष्ट ओळखायला सगळ्यात अवघड, कारण कट्टा हाताला लागतो.

काही जण म्हणतील, "कशाला उगाच? गावाला अभिमान आहे, पर्यटक येतात, राहू दे की." मला हे म्हणणं समजतं. हेलियमच्या निमित्ताने शाळेतली पोरं किल्ल्यावर जाऊन सूर्याबद्दल बोलत असतील तर ते चांगलंच आहे. पण अभिमानच हवा असेल तर खरा माल भरपूर पडलाय.

त्याच १८९८ च्या ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आणखी एक तळ पडला होता. तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला होते. पुण्यात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. वीस इंची परावर्तक दुर्बीण, डब्लिनच्या ग्रब कंपनीची. विशेष काम कोणतं? वर्णपट. जेऊरचा त्यांचा अहवाल छापलेला आहे. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले तशी वेधशाळा बंद झाली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली.

मी पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. तारे कशाचे बनलेत हे तपासणारा माणूस याच शहरात होता, हे मला कोणीच सांगितलं नाही. आणि मी काय केलं? लंडनमधल्या कारकुनाला उचलून किल्ल्यावर बसवलं.

रेघ आणि अणू

आता शेवटचा प्रश्न. सही असते, ठीक. पण अणू सही करतो कसा?

१८८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथला योहान बाल्मर, मुलींच्या शाळेत शिकवणारा साठीचा मास्तर, हायड्रोजनच्या चार रेघा घेऊन बसला. ६५६, ४८६, ४३४, ४१० नॅनोमीटर. त्याला एक साधं सूत्र सापडलं ज्यात पूर्ण संख्यांचे वर्ग येतात. ३, ४, ५, ६ घाला, चारही रेघा बाहेर. का? त्यालाही माहीत नव्हतं. कोड चालतो, पण का चालतो ते विचारू नका, अशातला प्रकार.

त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये नील्स बोर जन्मला. १९१३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्यासमोर ते सूत्र आलं आणि चित्र जुळलं. अणूतला इलेक्ट्रॉन म्हणजे वाड्याच्या जिन्यावरचा माणूस समजा. पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. ज्योतीने धक्का दिला की तो वर चढतो. खाली उतरताना दोन पायऱ्यांमधल्या फरकाइतकी ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. फरक ठरलेला, म्हणून रंग ठरलेला. आणि वर चढताना नेमका तोच रंग गिळतो, म्हणून किरखॉफची काळी रेघ. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा, म्हणून सही वेगळी.

आणि इथे आपला हेलियम परत येतो. एका ताऱ्याच्या वर्णपटात काही रेघा होत्या ज्या सगळे हायड्रोजनच्या समजत. बोर म्हणाला, नाही, या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत, त्यात सूत्राचा आकडा चारपट होतो. लॉकियरचा जुना सहाय्यक आल्फ्रेड फाउलर यानेच हरकत घेतली: मोजमापात आकडा ४ नाही, ४.००१६ येतो. बोरने हिशोब परत केला. इलेक्ट्रॉन फिरतो तसा केंद्रकही किंचित हलतो, तेही धरलं. उत्तर आलं ४.००१६३. ऐकणाऱ्यांची बोलती बंद!

बोरचा जिना हायड्रोजनला आणि अशा एका इलेक्ट्रॉनच्या अणूंनाच नीट बसतो. सोडियमची पिवळी जोडी समजायला पुढची क्वांटम यांत्रिकी यावी लागली. पण दार उघडलं ते रेघेनेच.

तुमच्यासाठी गृहपाठ

आता बघायचं काम तुमचं. जुनी सीडी घ्या. तिच्यावरच्या खोबणींमध्ये १.६ मायक्रोमीटरचं अंतर असतं, ती प्रिझमचं काम करते. बुटांच्या खोक्याला एका बाजूला पातेने बारीक चीर पाडा, समोरच्या बाजूला आत सीडीचा तुकडा तिरका चिकटवा, वर बघायला भोक. चीर एलईडी दिव्याकडे धरा: रंगांचा सलग पट्टा. जुन्या सीएफएलकडे धरा: रंग तुटक, सुटे सुटे पट्टे. भोकाला मोबाईल लावून फोटो काढा. सूर्याकडे मात्र चुकूनही धरू नका, डोळा जाईल.

आणि शिक्षक ऐकत असतील तर एक विनंती. मिथेनॉल ओतून रंगीत ज्योती दाखवायचा प्रयोग व्हिडिओत फार सुंदर दिसतो, पण अमेरिकेत त्यात विद्यार्थी भयंकर भाजलेत. तिथल्या केमिकल सोसायटीनेच २०१४ मध्ये तो थांबवायला सांगितला. क्षाराच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली लाकडी काडी बर्नरच्या ज्योतीत धरली तरी रंग तितकाच दिसतो. फक्त एका बर्नरभोवती दहा जण उभे करू नका. प्रत्येकाला बघू द्या.

जुनी क्लिप मी काढलेली नाही. तिच्या वर दुरुस्ती पिन केली आहे आणि या एपिसोडची लिंक दिली आहे. देवगडच्या त्या मित्राला मी मेसेज केला, "तुमचं बरोबर होतं." त्याचं उत्तर आलं: "मग आता या कधीतरी. कट्टे दाखवतो."

जाणार आहे. मावशीलाही हा एपिसोड पाठवलाय. तो मात्र तिने अजून कोणाला फॉरवर्ड केलेला नाही!

भेटू पुढच्या भागात. तोवर गॅसवर पाणी उतू गेलं, तर बारीक करायच्या आधी दोन सेकंद बघा.